पाणी, कोळसा, सूर्य आणि पुन्हा पाणी : टाटा पॉवरचा शतकभराचा ऊर्जाप्रवास

सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेले पाणी घाटाखाली सोडून खोपोलीच्या केंद्रात तयार झालेली वीज १९१५ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. त्या वेळी कर्ब उत्सर्जन हा शब्दही कोणाच्या कानावर नव्हता. ती वीज पुरवणाऱ्या उद्योगाने पुढे कोळशाची वाट धरली, त्या वाटेवर मोठा तोटा सोसला आणि गेल्या दशकात सौर व पवन ऊर्जेत हजारो कोटी रुपये गुंतवले. आता तोच उद्योग मावळ आणि कर्जतच्या डोंगरांत साठवणुकीचे नवे जलविद्युत प्रकल्प उभारू पाहत आहे.

ऊर्जा कंपन्या कमी कर्बाच्या तंत्रज्ञानाकडे का वळतात, कधी वळतात आणि कुठे अडखळतात, हे समजून घेण्यासाठी टाटा पॉवरचा इतिहास उपयोगी आहे. हा प्रश्न केवळ मुंबई वा महाराष्ट्रापुरता नाही. गोव्याकडे स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. राज्यातील दिवे बहुतांशी छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातील कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या औष्णिक केंद्रांच्या बळावर लागतात. वीज विकत घेणाऱ्या राज्याचे ऊर्जाभविष्य वीज निर्माण करणाऱ्या कंपन्यांच्या निर्णयांशी बांधलेले असते.

आरंभ : घाटमाथ्यावरचे पाणी

मुंबईच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालत. कोळसा बंगालसारख्या दूरच्या प्रदेशातून आणावा लागे. तो महाग पडे आणि शहरावर धुराचे सावट असे. पश्चिम घाटातील पावसाच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्याची कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना झाली आणि १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवण येथे धरणाची पायाभरणी झाली.

या योजनेचे मर्म भूगोलात होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड पडतो, पण तेथील बरेचसे पाणी पूर्वेकडे, भीमा आणि कृष्णेच्या खोऱ्यात वाहून जाते. माथ्यावर ते अडवून पश्चिमेला कोकणात सोडले, तर सुमारे ५०० मीटरचा उतार मिळतो. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याच्या दाबावर चक्र फिरवण्यास पाणी तुलनेने कमी लागते. खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. या तीन केंद्रांची आजची एकत्रित क्षमता ४४७ मेगावॅट आहे. ती उभारणाऱ्या तीन स्वतंत्र कंपन्या २००० मध्ये विलीन होऊन आजची टाटा पॉवर आकाराला आली.

स्वच्छ विजेची पहिली किंमत

या विजेला धूर नव्हता, पण ती फुकटही नव्हती. भिरा केंद्रासाठी मुळशीचे धरण बांधताना मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी बुडणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. या लढ्यामुळेच बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी लाभली. भातशेतीची सुपीक खोरी गमावणाऱ्या मावळ्यांचा हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर धरण झालेच. मोठ्या धरणाविरुद्धच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते.

पाण्याचा वाद आजही मिटलेला नाही. भीमेच्या खोऱ्यातले वर्षाला सुमारे ४२ टीएमसी पाणी या केंद्रांवाटे पश्चिमेकडे वळवले जाते. वीज निर्माण केल्यावर ते पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांत उतरते व तेथील उद्योगांना आणि नागरी वस्त्यांना उपयोगी पडते. हेच पाणी दुष्काळी पूर्व भागाला मिळावे, अशी मागणी अधूनमधून जोर धरते. वीज कमी कर्बाची असली तरी जमीन आणि पाणी यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, हा धडा या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात मिळाला. शंभर वर्षांनंतरही तो जुना झालेला नाही.

कोळशाकडे वळण

पावसावर अवलंबून असलेली वीज वाढत्या मुंबईला पुरणारी नव्हती. १९५६ मध्ये ट्रॉम्बे येथे ६२.५ मेगावॅटचा पहिला औष्णिक संच सुरू झाला. १९८४ मध्ये तेथेच देशातील पहिला ५०० मेगावॅटचा संच उभा राहिला. जलविद्युत केंद्रांनी सुरू झालेल्या कंपनीच्या निर्मितीत औष्णिक विजेचा वाटा हळूहळू वरचढ ठरला. १९८९ मध्ये ब्रिटिश तेल कंपनी बीपीच्या भागीदारीत टाटा समूहाने बंगळुरूमध्ये सौर उपकरणे तयार करणारा उद्योग सुरू केला होता. मात्र त्या काळात सौर वीज अतिशय महाग होती. सौर दिवे, पंप आणि दुर्गम ठिकाणचे छोटे संच एवढ्यापुरताच तिचा व्यवहार मर्यादित राहिला.

मुंद्रा : २ रुपये २६ पैशांचा करार

२००३ च्या वीज कायद्यानंतर केंद्र सरकारने ‘अतिविशाल’ वीज प्रकल्पांची योजना आखली. स्पर्धात्मक निविदांतून सर्वांत कमी दर मागणाऱ्या कंपनीला सुमारे ४ हजार मेगावॅटचा प्रकल्प द्यायचा, अशी ती पद्धत होती. गुजरातमधील मुंद्रा येथील प्रकल्प टाटा पॉवरने डिसेंबर २००६ मध्ये मिळवला. २५ वर्षांच्या कराराचा सरासरी दर होता युनिटमागे २ रुपये २६ पैसे. गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा ही राज्ये या विजेची ग्राहक होती.

या प्रकल्पात ८०० मेगावॅटचे पाच ‘सुपरक्रिटिकल’ संच बसवण्यात आले. या तंत्रात वाफ अतिशय उच्च दाब आणि तापमानाला वापरली जाते, त्यामुळे त्याच कोळशातून अधिक वीज मिळते आणि युनिटमागे उत्सर्जन कमी होते. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ आणि आशियाई विकास बँक यांनी प्रकल्पाला प्रत्येकी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्यामागे ही कार्यक्षमताही होती. म्हणजे त्या काळात ‘कमी कर्बाचे तंत्रज्ञान’ या शीर्षकाखाली अधिक कार्यक्षम कोळसाही मोडत असे.

घात झाला तो इंधनाच्या दराने. कोळसा इंडोनेशियातून यायचा होता. त्यासाठी कंपनीने २००७ मध्ये तेथील दोन मोठ्या खाण कंपन्यांत प्रत्येकी ३० टक्के हिस्साही घेतला होता. मात्र इंडोनेशियाने २०१० मध्ये नियम बदलून कोळशाची निर्यात आंतरराष्ट्रीय दराशी बांधली आणि २०११ पासून जुन्या स्वस्त करारांना अर्थ उरला नाही. विजेचा दर ठरलेला, इंधनाचा दर मोकळा. संच २०१२ पासून सुरू होत गेले आणि तोटाही वाढत गेला.

कंपनीने भरपाई दराची मागणी केली. केंद्रीय वीज नियामक आयोगाने आरंभी ती अंशतः मान्य केली. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. परदेशातील कायद्यातला बदल हा करारातील ‘कायद्यातील बदल’ ठरत नाही आणि इंधन महागणे ही दैवी आपत्ती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर त्याच वर्षी कंपनीने या प्रकल्पातील ५१ टक्के हिस्सा अवघ्या १ रुपयाला गुजरातच्या वीज कंपनीला देऊ केला. हजारो कोटींच्या प्रकल्पाची किंमत कशी घसरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

स्थानिकांचे प्रश्नही न्यायालयात गेले. मुंद्रा किनाऱ्यावरील मच्छीमारांनी प्रकल्पातून सोडले जाणारे गरम पाणी व राखेमुळे उपजीविकेवर परिणाम झाल्याची तक्रार करून कर्जदार महामंडळाविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना संपूर्ण कायदेशीर संरक्षण नाही, असा महत्त्वाचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पुढे मात्र खालच्या न्यायालयात मूळ दावा टिकला नाही.

सूर्याचा भाव उतरला

मुंद्राचा निकाल लागला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे २०१७ मध्ये, राजस्थानातील भडला सौर उद्यानाच्या लिलावात युनिटमागे २ रुपये ४४ पैसे असा दर पुढे आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये गुजरातमधील लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर गेला. कोळशाच्या ज्या २ रुपये २६ पैशांनी कंपनीला संकटात टाकले, त्याच पातळीवर आता सूर्याची वीज मिळू लागली होती आणि तिला इंधनच लागत नव्हते.

कंपन्यांच्या निर्णयामागचे खरे अर्थशास्त्र येथे उलगडते. औष्णिक प्रकल्पात खर्चाचा मोठा भाग २५ वर्षे दररोज जाळल्या जाणाऱ्या इंधनाचा असतो आणि त्याचा उद्याचा दर कोणालाही ठाऊक नसतो. सौर वा पवन प्रकल्पात जवळजवळ सारा खर्च उभारणीच्या वेळीच होतो. एकदा भांडवल घातले की पुढचा दर सांगता येतो. दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी करारासाठी हे गणित सोयीचे आहे. हवामानाची चिंता हे या बदलाचे एक कारण खरे, परंतु मुंद्राने शिकवलेली सावधगिरी हे तितकेच बळकट कारण मानावे लागेल.

टाटा पॉवरने २०१६ मध्ये वेलस्पन रिन्यूएबल्स ही कंपनी सुमारे ९,२४९ कोटी रुपये मूल्यात विकत घेतली. सौर आणि पवन मिळून सुमारे १,१४० मेगावॅटचे प्रकल्प एका व्यवहारात तिच्याकडे आले. त्यानंतर नवे कोळसा प्रकल्प न उभारण्याचे धोरण तिने जाहीर केले आणि २०४५ पर्यंत कर्बतटस्थ होण्याचे लक्ष्य ठरवले. भांडवल उभे करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील हिस्सा आणि कोळसा वाहणारी जहाजे विकली गेली. २०२२ मध्ये ब्लॅकरॉक आणि अबू धाबीची मुबादला यांच्या समूहाने अक्षय ऊर्जा उपकंपनीत १०.५३ टक्के हिश्शासाठी ४ हजार कोटी रुपये गुंतवण्याचा करार केला. कोळशाला पैसा मिळणे अवघड आणि अक्षय ऊर्जेला सोपे, हा वित्तबाजारातील बदल त्यातून दिसतो.

अवलंबित्वाची दुसरी बाजू सौर पट्ट्यांची होती. ते प्रामुख्याने चीनमधून येत. एप्रिल २०२२ पासून केंद्राने आयात सौर पट्ट्यांवर ४० टक्के आणि सौर सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावले. कंपनीने तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात गंगैकोंडन येथे वर्षाला ४.३ गिगावॅट क्षमतेचा सेल व पट्ट्यांचा कारखाना उभारला. इंडोनेशियाच्या कोळशाने दिलेला धडा चीनच्या पट्ट्यांबाबत आधीच गिरवला गेला, असे म्हणता येईल.

सूर्यास्तानंतरचा प्रश्न

मेगावॅटचे आकडे वाचताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. सौर संच वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढीच वीज देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत आणि पावसाळा आहे. कोळशाचा संच त्याच्या सुमारे तिप्पट वीज देऊ शकतो. त्यामुळे स्थापित क्षमतेत स्वच्छ ऊर्जेचा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे गेला, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत कोळशाचा वाटा त्याहून बराच मोठा राहतो. कंपनीच्या औष्णिक केंद्रांची क्षमता आजही ९ हजार मेगावॅटच्या आसपास आहे. कोळशापासून तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे साधारण ०.९ ते १ किलो कर्बवायू हवेत जातो.

मुंबई हे याचे ठळक उदाहरण आहे. शहराची कमाल मागणी ४ हजार मेगावॅटहून अधिक आहे आणि बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या दीर्घकाळ अपुऱ्या होत्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडाने मुंबई महानगरातील वीज तासन्‌तास गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली. तरीही ट्रॉम्बेच्या कोळसा संचांचा २०२४ मध्ये संपणारा करार वाढवून घेण्यात आला. चेंबूर आणि माहुलच्या रहिवाशांच्या दृष्टीने त्याचा अर्थ धुराड्याचा शेजार आणखी काही वर्षे, असा होतो.

मुंद्राचीही कथा संपलेली नाही. मे २०२२ मध्ये देशात वीजटंचाई निर्माण झाली, तेव्हा केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन आयात कोळशावरील केंद्रांना पूर्ण क्षमतेने चालण्याचे आदेश दिले. जे केंद्र कंपनीला नकोसे झाले होते, तेच देशाला हवेसे झाले. संक्रमण सरळ रेषेत होत नाही, ते असे.

पुन्हा त्याच जलाशयांकडे

दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवता आली तर कोळशाची गरज कमी होईल. त्यासाठी दोन मार्ग आहेत : बॅटरी आणि उदंचन जलविद्युत. उदंचन प्रकल्पात एक जलाशय वर, दुसरा खाली असतो. दुपारी सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, तेव्हा पंपांनी पाणी वर चढवायचे. संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. या प्रक्रियेत २० ते २५ टक्के ऊर्जा खर्ची पडते. परंतु अशी व्यवस्था अनेक दशके टिकते आणि सलग सहा ते आठ तास वीज देऊ शकते.

भिरा येथे १५० मेगावॅटचा असा संच पूर्वीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र शासनाशी दोन मोठ्या प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला : पुणे जिल्ह्यातील शिरवटा येथे १,८०० मेगावॅट आणि रायगड जिल्ह्यातील भिवपुरी येथे १ हजार मेगावॅट. अंदाजित गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी रुपये. शिरवटा हा खोपोलीच्या केंद्राला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांपैकी एक आहे आणि भिवपुरीचे केंद्र १९२२ चे आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी अडवलेले पाणी सौरयुगाची बॅटरी म्हणून वापरण्याचा हा विचार आहे. जलाशयांपैकी एक आधीच तयार असल्याने नव्याने बुडणारी जमीन कमी राहते, ही या जागांची जमेची बाजू.

तथापि, सह्याद्रीचा हा पट्टा जैवविविधतेने संपन्न आणि भूस्खलनाला प्रवण आहे. बोगदे, रस्ते, वाहिन्या आणि दुसरे जलाशय यांसाठी जंगल आणि डोंगर लागतात. राज्यात इतर अनेक कंपन्यांचेही उदंचन प्रकल्प प्रस्तावित आहेत. प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे लहान दिसला, तरी घाटावर होणारा त्यांचा एकत्रित परिणाम लहान नसेल. मुळशीचा इतिहास असलेल्या प्रदेशात ग्रामसभांचे म्हणणे शेवटी नव्हे, आरंभी ऐकले जाणे हेच शहाणपणाचे ठरेल.

कंपन्यांचे दावे कसे वाचावेत

टाटा पॉवरने २०३० पर्यंत स्वच्छ ऊर्जेचा वाटा ७० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य सांगितले आहे. इतर वीज कंपन्यांचीही अशीच लक्ष्ये आहेत. ती पडताळताना चार प्रश्न उपयोगी पडतात. सांगितलेला वाटा स्थापित मेगावॅटचा आहे की प्रत्यक्ष युनिटांचा? नवे स्वच्छ प्रकल्प जुन्या कोळशाची जागा घेत आहेत की केवळ त्यात भर घालत आहेत? कोळशाचे संच बंद होण्याची तारीख संचवार जाहीर आहे का, की फक्त दूरच्या वर्षाचे आश्वासन आहे? आणि एखादा संच कंपनीने विकला, तर तो बंद होतो की दुसऱ्या मालकाकडे धूर सोडत राहतो?

वीज विकत घेणाऱ्या राज्यांसाठी यात आणखी एक बोध आहे. मुंद्राच्या स्वस्त दराचा आनंद पाचही राज्यांना फार काळ टिकवता आला नाही. दर कमी होता, पण इंधनाचा धोका करारात दडलेला होता आणि तो केव्हातरी कोणालातरी सोसावाच लागणार होता. गोव्याने २०५० पर्यंत संपूर्ण अक्षय ऊर्जेकडे जाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर केवळ दुपारची स्वस्त सौर वीज विकत घेऊन भागणार नाही. संध्याकाळची वीज कुठून येणार, ती साठवण्याचा खर्च कोण उचलणार आणि ती आणणारी वाहिनी कोणाच्या रानातून जाणार, हे करारापूर्वी विचारावे लागेल. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या वाहिनीवरून झालेल्या आंदोलनानंतर गोमंतकीयांना हा प्रश्न नवा नाही.

खोपोलीच्या केंद्राने धुराविना वीज देता येते हे सिद्ध केले, मुळशीने तिचीही किंमत असते हे दाखवले आणि मुंद्राने स्वस्त कोळसा कायम स्वस्त राहत नाही हे शिकवले. या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या इतिहासात घडल्या. शिरवटा आणि भिवपुरीच्या डोंगरांत पुढे काय उभे राहते, त्यावरून हे धडे किती पचले ते ठरेल.